भूस्थिर उपग्रह पाहण्यासाठी १५×७० ची दुर्बीण: दोन मोसमांच्या वापरानंतरचे मत

भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने आकाशात एकाच जागी दिसणारे उपग्रह, पाहायचे म्हणून कोणी सहसा द्विनेत्री दुर्बीण विकत घेत नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात, त्यांतले मोठे उपग्रहसुद्धा एरवी अकराव्या ते तेराव्या प्रतीइतके मंद असतात (प्रत हे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद), आणि ७० मिलीमीटर व्यासाच्या भिंगांची मजल चांगल्या अंधारातही दहाव्या प्रतीच्या थोडी पुढे जाऊन थांबते. मी १५×७० ची (१५ पट मोठे दाखवणारी, ७० मिलीमीटर भिंगांची) दुर्बीण घेतली ती वर्षातून दोनदा येणाऱ्या त्या काही रात्रींसाठी, जेव्हा हेच उपग्रह एकाएकी पाचव्या-सहाव्या प्रतीपर्यंत उजळतात आणि थोड्याच वेळात पृथ्वीच्या सावलीत शिरून दिसेनासे होतात. या आकाराच्या दुर्बिणी अनेक नावांनी विकल्या जातात आणि त्यांची घडण बहुतांशी सारखीच असते, म्हणून हे परीक्षण एका नावाचे नसून या जातीच्या दुर्बिणीचे आहे.

दुर्बिणीचे मूल्यमापन करण्याआधी तिच्याकडून काय अपेक्षित आहे ते सांगितले पाहिजे. उपग्रहाची सौर पॅनेल उत्तर-दक्षिण आसाभोवती फिरत सूर्याकडे तोंड करून राहतात. आरशाच्या नियमाने त्यांवरून परतणारा प्रकाश पुण्यासारख्या १८.५ अंश उत्तर अक्षांशावरच्या ठिकाणी पोहोचायचा, तर सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या आकाशातल्या रेषेच्या) सुमारे ३.२ अंश दक्षिणेस असावा लागतो, म्हणजे तारीख १२ मार्चच्या किंवा १ ऑक्टोबरच्या आसपासची असावी लागते. दुपारी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आल्यामुळे डीटीएचचे चित्र काही मिनिटे बिघडते, ते याच दिवसांत; ज्यांना तारखा लक्षात ठेवायच्या आहेत त्यांच्यासाठी याहून सोपी खूण नाही. आता अडचण अशी की पॅनेल सूर्याकडे अचूक वळलेली असतील, तर भूमितीने परावर्तनाची ही रेषा जुळते त्या क्षणी उपग्रह पृथ्वीच्या सावलीतच असतो. प्रत्यक्षात पॅनेलचा रोख थोडा इकडेतिकडे असतो, आणि उपग्रहाचे इतर पृष्ठभागही चमकतात, त्यामुळे खरी शोभा सावलीत शिरण्याच्या आधीच्या आणि बाहेर पडल्यानंतरच्या वेळेत पाहायला मिळते.

सावलीचा मोसम फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होऊन एप्रिलच्या मध्यापर्यंत, सुमारे ४५ दिवस चालतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेवढाच येतो. संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या दिवशी उपग्रहाचे हे ग्रहण सुमारे ७० मिनिटांचे असते. १२ मार्चला ते साधारण ६५ मिनिटांचे असते. सावली पूर्वेकडून पश्चिमेकडे एकेका उपग्रहाला गाठत येते. त्या रात्री ९३.५ अंश पूर्व रेखांशावरचे जीसॅट-१५ आणि जीसॅट-१७ अकराच्या पाचसात मिनिटे आधी सावलीत जातात, ८३ अंशांवरचे जीसॅट-१० आणि जीसॅट-३० साडेअकरा उलटून गेल्यावर, आणि पुण्याच्या जवळजवळ नेमके दक्षिणेला असणारे ७४ अंशांवरचे इन्सॅट-३डीआर आणि जीसॅट-१८ बारा वाजून दहाबारा मिनिटांनी. एका जागी बसून हा क्रम तिन्ही टप्प्यांत पाहता येतो, आणि माझ्या मते या छंदातली हीच सर्वांत देखणी गोष्ट आहे.

या कामासाठी १५×७० चे माप योग्य आहे का, याचे माझे उत्तर स्पष्ट होकारार्थी आहे. सुमारे ४.४ अंशांच्या दृश्यक्षेत्रात साडेतीन अंश रेखांशांचे उपग्रह एकदम मावतात, त्यामुळे कोणता उपग्रह नेमका कधी चमकेल हे आधी माहीत नसले तरी चालते. शिवाय उपग्रह आपल्या जागेवरून हलत नाही, म्हणून मोटार लावलेले महागडे आसन लागत नाही. दुर्बीण एकदा घट्ट बसवली की तारेच दृश्यक्षेत्रातून सतरा-अठरा मिनिटांत पलीकडे निघून जातात, आणि जो ठिपका त्या प्रवाहात खिळ्यासारखा उभा राहतो तो उपग्रह. भोर तालुक्यातल्या एका वाडीवर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मघा आणि चित्रा यांच्या मधल्या रिकाम्या आकाशात असा ठिपका मला प्रथम दिसला, तेव्हा तो शेजारच्या ताऱ्यांहून बराच ठळक होता. उपच्छाया, म्हणजे सावलीची फिकट कडा, ओलांडायला त्याला दोनच मिनिटे लागली आणि तेवढ्यात तो पूर्ण मावळला. मी मात्र बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिलो.

दोष आहेत, आणि त्यांतला सर्वांत मोठा दोष दुर्बिणीचा नसून आपल्या अक्षांशाचा आहे. युरोपातल्या निरीक्षकाला या उपग्रहांचा पट्टा क्षितिजापासून बऱ्यापैकी खाली मिळतो, म्हणून तो खुर्चीत सरळ बसून पाहू शकतो. पुण्याहून हाच पट्टा दक्षिणेला ६८ अंश उंचीवर जातो. सरळ नेत्रिकांची, जवळजवळ दीड किलो वजनाची दुर्बीण साध्या तिपाईवर एवढी वर रोखली, तर खाली मान घालायला जागाच उरत नाही आणि दहा मिनिटांत मान आखडते. पहिला मोसम मी असाच वाया घालवला. दुसऱ्या वेळी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून तिपाईवर बसणारा आडवा दांडा करून घेतला, त्याच्या एका टोकाला दुर्बीण आणि दुसऱ्या टोकाला तोलासाठी व्यायामाचे वजन लावले, आणि खाली बाज टाकून उताणे पडून पाहिले. त्यानंतर दोन तास सलग निरीक्षण करणे सहज जमले.

दुर्बिणीबरोबर आलेला प्लॅस्टिकचा तिपाई-जोड निरुपयोगी होता. वाऱ्याच्या झुळुकीने चित्र थरथरत असे, म्हणून धातूचा जोड वेगळा घ्यावा लागला. माझ्या वाट्याला आलेल्या पहिल्या नगात दोन्ही नळ्यांचे अक्ष जुळत नव्हते आणि एका ताऱ्याचे दोन तारे दिसत होते. दुकानदाराने तो बदलून दिला, परंतु तक्रारीची मुदत संपण्याआधी एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर ही तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. दृश्यक्षेत्राच्या कडेला तारे थोडे पसरट दिसतात, आणि या किमतीत ते मान्य करावे लागते.

शहराच्या गच्चीवरून फक्त ऐन चमकीचे काही क्षण पदरात पडतील. सावलीत शिरताना उपग्रह हळूहळू मंद होत जाण्याचा टप्पा पाहायचा असेल, तर अंधाऱ्या जागी जाणे आणि अमावास्येजवळची रात्र निवडणे भाग आहे. ऑक्टोबरच्या मोसमावर विसंबून खरेदी करू नये, कारण १ ऑक्टोबरच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातून पाऊस पुरता गेलेला नसतो. जानेवारीत दुर्बीण घ्यावी, फेब्रुवारीत दांडा आणि बैठक तयार करावी, स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या संगणक-प्रणालीत उपग्रहांच्या जागा ताडून पाहाव्यात, आणि हाताशी असलेल्या पैशांत १५×७० आणि चांगला आधार किंवा त्याहून मोठी भिंगे आणि साधी तिपाई यांपैकी एकच घेता येत असेल, तर पहिला पर्याय निवडावा.