लीड ग्रीन असोसिएट की आयजीबीसी एपी : गावात राहून तयारी करणाऱ्यासाठी

हरित इमारतींच्या कामातली ओळख मिळवून देणाऱ्या दोन परीक्षा आहेत: अमेरिकेतल्या ‘लीड’ मानांकनाची ‘ग्रीन असोसिएट’ आणि इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची, म्हणजे आयजीबीसीची, ‘एपी’ (मान्यताप्राप्त व्यावसायिक). विदर्भातल्या दारव्हा तालुक्यात राहून, दिवसा साइटवर आणि रात्री वीज असेल तेव्हा पुस्तकासमोर बसून मी या दोन्हींची तयारी केली. लीडची सात महिने आणि आयजीबीसीची चार. पुढचे सगळे एकाच माणसाच्या अनुभवावरून आलेले आहे, हे आधीच मान्य करतो. हरित इमारत म्हणजे पाणी, वीज आणि साहित्य जपून वापरणारी इमारत. तिला गुणांनुसार मानांकन मिळते आणि प्लॅटिनम हा त्याचा सर्वांत वरचा टप्पा.

लीडच्या साहित्याला तोड नाही. सराव प्रश्नसंच, ध्वनिफिती, तक्ते, जे हवे ते मिळते, आणि एका प्रकरणाचे दुसऱ्याशी नाते इतके नीट लावलेले असते की वाचताना आनंद होतो. तक्रारी किरकोळ आहेत. शुल्क डॉलरमध्ये भरावे लागते. १२५ ते २०० या मोजपट्टीवर उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे १७० गुण म्हणजे शंभरांपैकी नेमकी किती उत्तरे बरोबर, हे शेवटपर्यंत उमगत नाही. आणि पदवी टिकवायची तर दर दोन वर्षांनी १५ तासांचे शिक्षण दाखवावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये लीडची पाचवी आवृत्ती आल्यामुळे जुनी पुस्तके विकत घेणाऱ्याने आपली परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे, हे आधी तपासावे.

मला अडवले ते मात्र गॅलनने. शौचकुंडाच्या एका फ्लशला १.६ गॅलन, शॉवरला मिनिटाला २.५ गॅलन, अशी आधाररेषा (बचत ज्याच्या तुलनेत मोजतात तो ठरलेला वापर) पाठ करायची, मग मनात ६ लिटर आणि साडेनऊ लिटर करायचे, मग बचतीची टक्केवारी काढायची आणि पर्याय पुन्हा गॅलनमध्ये शोधायचा. साहित्यात लिटरचे आकडे नसतात असे नाही. पण मी विकत घेतलेल्या सरावसंचात ते नव्हते. त्याच आधाररेषेच्या तक्त्यात आपल्याकडच्या प्रत्येक नव्या संडासात भिंतीला लटकणारा जेट स्प्रे कुठेच दिसत नाही. इमारतीला सार्वजनिक वाहतुकीचे गुण मिळण्यासाठी जवळच्या थांब्यावर आठवड्यातील कामाच्या दिवशी किमान ७२ फेऱ्या हव्यात, असे चौथ्या आवृत्तीत वाचले, त्या संध्याकाळी मी आमच्या फाट्यावरच्या एसटीच्या फेऱ्या मोजल्या. त्या नऊ भरल्या, आणि त्यांतली एक बंद झाल्याचे पानटपरीवाल्याने सांगितले. प्रश्न चुकीचे होते असे मुळीच नाही. मात्र पाठ केलेला आकडा टेकायला माझ्याभोवती काही नव्हते, आणि एक प्रकरण संपवून दुसरे धरले की पंधरा दिवसांत पहिले पुसले जाई. सात महिन्यांत मी तेच पाण्याचे प्रकरण चार वेळा वाचले.

आयजीबीसीकडे वळलो तेव्हा साहित्य पाहून थोडी निराशाच झाली. भाषा कोरडी, सरावप्रश्न मोजके, आणि कुठे अडले तर विचारायला जवळपास कोणी नाही. पण पाण्याची आधाररेषा थेट लिटरमध्ये आहे आणि तीत जेट स्प्रेही आहे. संदर्भ राष्ट्रीय इमारत संहितेचे आणि ईसीबीसीचे, म्हणजे ऊर्जा संवर्धन इमारत संहितेचे. राष्ट्रीय इमारत संहितेत देशाचे पाच हवामान विभाग आहेत आणि विदर्भ त्यांतल्या संमिश्र विभागात येतो. कोणताही एक ऋतू सहा महिन्यांहून अधिक टिकत नाही तो संमिश्र, अशी त्याची ओळख. ही व्याख्या मला पाठ करावी लागली नाही. मे महिन्यात कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडले की खोली थंड होते आणि जुलैत तोच कूलर लावला की चादरी दमट होऊन अंगाला चिकटतात, हे आमच्या घरात दरवर्षी घडते. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने मिळणारा गारवा दमट हवेत का मिळत नाही, हे एकदा कूलरसमोर बसून कळले आणि तेवढ्यावर वायुविजनाचे व उष्णतेचे कितीतरी प्रश्न सुटत गेले.

पुनर्वापरित साहित्याचे प्रकरण दोन्हीकडे सारखेच सोपे गेले, कारण औष्णिक केंद्रांच्या राखेच्या विटा मी रोज रचून घेतो. ज्यांना सरकारी कामांतच रस आहे त्यांनी ‘तेरी’ आणि केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मिळून घडवलेल्या ‘गृह’ मानांकनाचाही विचार करावा. मी ती परीक्षा दिलेली नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

ज्याला पुण्या-मुंबईच्या सल्लागार कंपनीत किंवा आखातात जायचे आहे, त्याला मी लीडपासून परावृत्त करणार नाही. तिथे तेच नाव विचारले जाते, आणि गॅलनची कटकट माझ्याइतकी त्याला बोचेलच असेही नाही. इकडेच राहून शाळा, दवाखाने, गोदामे आणि घरे बांधणाऱ्याने मात्र आयजीबीसीची संक्षिप्त पुस्तिका संकेतस्थळावरून उतरवून, छापून घेऊन आधी ती संपवावी, असे मला वाटते. मी तिच्या समासात आमच्या साइटवरचे आकडे लिहीत गेलो: टाकीचे लिटर, खिडकीचे चौरस मीटर, गच्चीवरच्या चुन्याचे हात. परीक्षेत दोन उत्तरे त्या समासातूनच आठवली.