एक्झिफटूल: फोटोंची नावं बदलायची असतील तर हेच घ्या

दादाच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी बर्स्ट मोडवर बटण दाबूनच ठेवलं होतं, सेकंदाला सात-आठ फोटो. घरी येऊन सगळ्यांना तारीख-वेळेचं नाव द्यायचं म्हणून एक फुकटचं ॲप टाकलं, त्याने मिनिटभरात काम उरकलं, काही विचारलं नाही, एरर नाही, आणि मी मेमरी कार्ड फॉरमॅट करून मोकळा झालो. आठवड्याने आई अल्बमसाठी फोटो निवडायला बसली तर अंतरपाटाचा एकच फोटो, त्यातही वहिनीचे डोळे मिटलेले. बाकीचे गेलेच. आजही वाईट वाटतं.

झालं काय, तर फोटोतली मुख्य तारीख-वेळ सेकंदापर्यंतच लिहिलेली असते, म्हणजे एकाच सेकंदातल्या सगळ्या फोटोंना एकच नाव मिळालं आणि प्रत्येक फाइल आधीच्या फाइलवर चढत गेली, म्हणजे आधीची पुसली गेली. रिसायकल बिनमध्येही काही सापडत नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी ते डिलीट नसतंच.

मग एक्झिफटूल सापडलं, फोटोतली तारीख-वेळ वगैरे माहिती वाचून नावं बदलू शकणारा प्रोग्राम. फिल हार्वे यांनी बनवलेलं, 2003 पासून चालू आहे आणि फुकट आहे. फोटोला द्यायच्या नव्या नावाची फाइल आधीच असेल तर हे नाव बदलतच नाही, फाइल आधीच आहे म्हणून स्पष्ट एरर देतं आणि दोन्ही फाइल जागच्या जागी राहतात. मला एवढंच हवं होतं! शिवाय नाव कसं असावं हे सांगणाऱ्या साच्यात टक्का-वजा-सी (%-c) टाकलं की दुसऱ्या फोटोला आपोआप वजा एक, तिसऱ्याला वजा दोन लागतं, बर्स्टचा प्रश्नच मिटला. आणि कमांडमध्ये फाइलनेमच्या जागी टेस्टनेम लिहिलं तर नुसतं दाखवतं की कुठलं नाव काय होणार, हात कशालाच लावत नाही. मी आता आधी तेच चालवतो, नीट वाचतो, मग खरं काम.

एकावर एक फाइल चढवणं मुळात वाईट नाही हेही सांगतो, बरेच एडिटर सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहून मग तिला मूळ नाव देतात म्हणजे मध्येच काही बंद पडलं तरी जुनी किंवा नवी एक तरी धड राहावी. पण तिथे चढवायचंच असतं, फोटोंमध्ये नसतं. लिनक्सवरची फाइल हलवायची किंवा नाव बदलायची साधी एमव्ही (mv) कमांडसुद्धा न विचारता चढवते, डॅश आय (-i) दिलं तर विचारते, डॅश एन (-n) दिलं तर चढवत नाही. आणि कोणी असं टूल स्वतः लिहीत असेल तर फाइल आहे का बघून मग नाव बदलू नका, त्या दोन पायऱ्यांमध्ये दुसरा प्रोग्राम त्याच नावाची फाइल बनवू शकतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, 3.15 आवृत्तीपासून, म्हणजे 2014 पासून, 'असेल तर चढवू नको' असं एकाच फटक्यात सांगायची सोय आहे, ती वापरा.

कमतरता पण आहेत. सगळं कमांड लाइनवर, म्हणजे बटणं नाहीत, हुकूम टाइप करायचे, पहिल्यांदा डोकं दुखतं, माझे दोन तास साच्यातच गेले. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमधली तारीख बहुतेकदा आधीच पुसलेली असते, त्यांना हे वॉर्निंग देऊन सोडून देतं, ते मला बरंच वाटतं. विंडोजवाल्यांनी कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटवरची कमांड टाकताना सिंगल कोटच्या जागी डबल कोट वापरा, नाहीतर चालणार नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.