सांगलीत घरातल्या किरकोळ दुरुस्त्यांसाठी एकच माणूस : वर्षभराच्या वापरानंतर

नळ गळतो, पंखा कुरकुरतो, बाथरूमचं दार फुगतं, कडी लागत नाही. अशा कामांना सांगलीत माणूस मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. नव्या बंगल्याचं काम घेतलेला फिटर एका वायसरसाठी विश्रामबागेतून गावभागात येत नाही, त्याचा अर्धा दिवस मोडतो. म्हणून फिटर, वायरमन आणि सुतार असे तिघे शोधण्याऐवजी तिन्हीतलं किरकोळ काम जाणणारा एकच माणूस धरायचा, कामं साठवायची आणि अर्ध्या दिवसासाठी त्याला एकदम बोलवायचं, अशी पद्धत आमच्याकडे वर्षभर चालू आहे. ती टिकली, पण सगळ्याच कामांना लागू पडत नाही.

माणूस शोधायची उत्तम जागा म्हणजे गणपती पेठेतलं किंवा आपल्या भागातलं हार्डवेअरचं दुकान. फक्त "चांगला फिटर सांगा" असं विचारू नका, त्यावर कुणाचंही नाव पुढे येतं. "तुमच्याकडून स्पिंडल, वायसर, कपॅसिटर असे सुटे पार्ट कोण नेतं?" असं विचारा. सुटे पार्ट नेणारा दुरुस्ती करतो. फक्त अख्खे नळ नेणारा नळ बदलतो.

पहिल्या दिवशी त्याला गळका नळच दाखवावा, माणूस तिथेच कळतो. जुन्या फिरकीच्या नळात तोंडातून थेंब पडत असेल तर वायसर गेलेला असतो आणि मुठीखालून पाणी झिरपत असेल तर ग्लँडमधला, म्हणजे दांड्याभोवतालच्या नटातला, दोरा. दोन्ही अगदी स्वस्तातली कामं आहेत. नवा वायसर महिन्याभरातच कातरला गेला तर दोष वायसरचा नसतो. वायसर ज्यावर टेकतो ती आतली पितळी सीट खड्डे पडून खडबडीत झालेली असते, ती घासावी लागते. हे न बघता जो तिसऱ्यांदा वायसर घालतो, त्याला पुन्हा बोलावू नये. अर्ध्या फेऱ्याच्या नळात वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. त्यांच्यामध्ये वाळूचा कण गेला की चरा पडतो आणि मग पूर्ण स्पिंडलच (मुठीखालचा फिरता दांडा) बदलावं लागतं. कंपनीगणिक त्याची लांबी आणि दाते वेगळे असल्यामुळे जुनं स्पिंडल हातात घेऊनच दुकानात जायचं, फोटोवर भागत नाही. घरातले दोन-तीन नळ पाठोपाठ गळायला लागले, तर आधी गच्चीवरच्या टाकीचा तळ बघा. तिथला गाळ काढला नाही तर नवी स्पिंडलंही तशीच जातात.

जोडणीत दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. अर्धा इंची आट्यांवर टेफ्लॉन टेप नळ आवळायच्या दिशेनेच गुंडाळलेली हवी, साधारण आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर आवळताना ती गोळा होऊन बाहेर येते. दुसरी गोष्ट म्हणजे जोर. सीपीव्हीसी पाइपच्या एल्बोमध्ये नळ पान्याने गच्च पिळला की भिंतीच्या आत बारीक तडा जातो. त्या दिवशी काहीच दिसत नाही, काही आठवड्यांनी पलीकडच्या खोलीत ओल येते. आमच्याकडच्या माणसाची सर्वात मोठी जमेची बाजू हीच, की तो शेवटचा पाव फेरा हळू देतो आणि जोडाखाली कोरडा कागद धरून दाखवतो.

फ्लशची टाकी सतत वाहते का, याची खात्री त्याला बोलवायच्या आधी घरीच करता येते. टाकीत थोडी शाई टाका. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला, तर तळाचा रबर गेला किंवा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीवरून जातंय. ओव्हरफ्लोवरून जात असेल तर नुसता फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा) खाली केला की काम होतं. बोअरच्या जड पाण्यावर रबराला क्षार लवकर चढतात.

पंख्याचं काम तो चांगलं करतो. पंखा हळू फिरत असेल आणि हाताने ढकलल्यावरच सुरू होत असेल, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. जुन्यावर २.५ मायक्रोफॅरड असेल तर नवाही तोच घ्या. वेग वाढवायला मोठा घालणारे असतात, त्याने मोटरच्या तारांचं वाइंडिंग तापतं. कुरकुर येत असेल तर बेअरिंग. ते बदलायला पंखा उतरवावाच लागतो, वरून तेल सोडून दोन आठवडेसुद्धा जात नाहीत. परत टांगताना दांड्याचा बोल्ट आणि त्यातली पिन बघितल्याशिवाय त्याला शिडीवरून उतरू देऊ नका.

विजेचं बाकीचं काम मात्र मर्यादेतच द्यावं. होल्डर, स्विच, रेग्युलेटर ठीक. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला ६ अँपिअरचा सॉकेट चालत नाही, १६ अँपिअरचा पॉइंट आणि बोर्डापासून वेगळी जाड वायर लागते. ते परवानाधारक वायरमनचंच काम. ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडतोय म्हणून तो वगळून जोडणी करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा, कारण आतली गळती तशीच राहते आणि जीव वाचवणारं साधन तेवढं जातं. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाणी शिरलेल्या घरांत खालच्या बोर्डांतली तांब्याची टोकं हिरवी पडलेली सापडतात. तिथे नुसता स्विच बदलून काही होत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर छाटायची आणि लांबी पुरली नाही तर नवीन ओढायची.

सुतारकामात मी त्याला मध्यम गुण देईन. जुलैमध्ये फुगलेलं दार तो लगेच रंधायला घेतो. तसं करू देऊ नका. दिवाळीनंतर लाकूड आकसतं आणि फट राहते. आधी बिजागरीचे स्क्रू बघायला सांगा. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले की दार झुकून खाली घासतं आणि ते फुगल्यासारखं वाटतं. भोकात फेव्हिकॉल लावून लाकडाची काडी ठोकायची, वाळू द्यायची आणि लांब स्क्रू मारायचा, बहुतेक दारं तेवढ्यावर सरळ होतात. खरंच फुगलं असेल तर हिवाळ्यात बेताचं रंधून वरच्या आणि खालच्या कडेला ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. या कडा कोऱ्याच सोडलेल्या असतात आणि ओल तिथूनच शिरते.

गच्चीची गळती त्याला देऊच नये.

पैशाचं बोलणं काम सुरू होण्याआधी करा. मजुरी वेगळी, सामान वेगळं, सामानाची पावती आपल्या नावावर आणि काढलेला जुना पार्ट घरात ठेवायचा. काही दुकानांतून कारागिराला कमिशन मिळतं, म्हणून मोठं सामान स्वतः आणलेलं बरं. पण मजुरीत घासाघीस करू नका. एका वायसरसाठी आलेल्या माणसाचा पेट्रोल आणि वेळ धरून मोबदला दिला, तरच तो पुढच्या वेळी फोन उचलतो.

पावसाळ्याचा अंदाज मात्र ठेवावा लागतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. पाणी ४० च्या दिशेने चढायला लागलं की ही सगळी माणसं मोटरी आणि सामान वर चढवण्यात गुंततात, आणि ते बरोबरच आहे. तोवर घरातलं भागावं म्हणून अर्धा इंची वायसर, टेफ्लॉन टेप, एक कपॅसिटर आणि दोन लांबीचे स्क्रू डब्यात ठेवा. गळक्या नळाचा अँगल कॉक (भिंतीजवळ त्याचं पाणी बंद करणारी छोटी तोटी) बंद होतो का, तेही मे महिन्यातच फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी अडकून बसतो.