भिगवणला राहायला जाताय? रूमचे फोटो नंतर बघा, आधी बोट कोण चालवतंय ते विचारा

जानेवारीच्या शेवटी फ्लेमिंगो बघायला भिगवणजवळच्या कुंभारगावला दोन रात्री राहून आलो. मी, आई आणि आठवीतला भाचा. होमस्टेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत आणि घरची माणसं इतकी चांगली की त्यांच्या धंद्यावर माझ्यामुळे पाणी पडायला नको. आणि तसंही काठावरची घरं बरीचशी सारखीच, दोन-तीन रूम, पुढे अंगण, अंगणातून चार पावलं उतरलं की उजनी धरणाचं पाणी.

पुण्याहून सोलापूर रोडने शंभरेक किलोमीटर, अडीच तास धरा. पण कधी जायचं ते नीट समजून घ्या, कारण निम्मे लोक इथेच फसतात. नोव्हेंबरात रील बघून उठतात, जातात आणि "कुठायत हो फ्लेमिंगो" म्हणत परत येतात. अहो धरण भरलेलं असतं तेव्हा! उजनी फुल्ल म्हणजे ११७ टीएमसी, पार काठापर्यंत पाणी, मग रोहित पक्ष्यांनी, म्हणजे फ्लेमिंगोंनी, उभं राहायचं कुठे? त्यांना गुडघाभर पाणी आणि खाली चिखल लागतो, चोच उलटी बुडवून त्यातून गाळून गाळून खातात ते. रब्बीला कालव्यातून पाणी सुटायला लागलं की काठ मागे सरकतो, चिखल उघडा पडतो आणि मग पाखरं उतरतात. म्हणून जानेवारी ते मार्च बेस्ट, आणि निघायच्या आधी फोनवर "पाणी किती खाली गेलंय" एवढं विचाराच. ज्या वर्षी पाऊस जोरात झालेला असतो त्या वर्षी आणखी उशिरा जा.

आता रूम. स्वच्छ होती, गाद्या ठीक, गरम पाणी सकाळी बंबातलं बादलीने मिळतं, मला काही प्रॉब्लेम नव्हता. पण बाथरूमच्या खिडकीला जाळी नाही आणि संध्याकाळी सहानंतर जे डास येतात ना, विचारू नका. मच्छरदाणी मागितली तर एकच होती, ती आईला दिली आणि मी नि भाचा रात्रभर टाळ्या वाजवत बसलो. दुसरं म्हणजे तीन माणसांत चार्जिंगला एकच पॉइंट, त्यात कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, फोन, पॉवर बँक, सगळ्यांची भांडणं. एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन जा.

जेवणाला मात्र फुल्ल मार्क्स. चिलापी फ्राय, ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि आईसाठी काकूंनी न सांगता वेगळं पिठलं केलं. चिलापी संध्याकाळच्या जाळ्यातली, काटे जपून काढा एवढंच. मुक्काम, दोन्ही वेळचं जेवण, चहा-नाश्ता धरून माणशी रोजचे दोन हजारांच्या आत बसले, बोटीचे वेगळे, आणि ते माणशी नाही, अख्ख्या बोटीचे, त्यामुळे चार जण असाल तर स्वस्तात पडतं.

आता बोट, ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसलोय. पहिल्या दिवशी घरचा बोटवाला लग्नाला गेला होता म्हणून दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं. पोरगा हौशी, पण मोटर चालू ठेवून थेट थव्यात घुसला, वर "सर उडताना घ्या, उडताना!" सगळा थवा उठला, गुलाबी पंख, काळ्या कडा, दिसायला जबरदस्त, आणि माझ्याकडे आलं काय तर दोनशे पाठमोऱ्या शेपट्या. आम्ही नको नको म्हणेपर्यंत सगळं आटोपलंसुद्धा. पाखरं लांब जाऊन बसली ती बसलीच, आणि मागून आलेल्या दोन बोटींना काहीच मिळालं नाही, ते लोक आमच्याकडे बघत होते ते वेगळं. मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी घरचे बोटवाले दादा आले. पन्नाशीचे असतील, मासेमारी करणारे, मोजकं बोलणारे. सकाळी साडेसहाला निघालो, थवा लांब ठिपक्यांसारखा दिसायला लागला तसं मोटर बंद. मग उभं राहून बांबूने ढकलत ढकलत, सरळ नाही तर तिरकं, सूर्य पाठीशी येईल असं बोट नेऊन लावली आणि म्हणाले, "आता हलू नगा. माना वर झाल्या की आपन थांबायचं, एका बाजूनं चालाय लागली की समजायचं उठनार." आणि खरंच, आम्ही पोचलो तेव्हा सगळ्या माना वर होत्या, पाचेक मिनिटांत एकेक खाली गेली आणि पाखरं खात खात आमच्याकडेच सरकायला लागली. करड्या रंगाची पिल्लं पण होती, या वर्षीची, गुलाबी व्हायला अजून अवकाश. भाच्याने एकदाही मोबाइल काढला नाही, हे आमच्या घरात वर्तमानपत्रात छापण्यासारखं आहे.

उडतानाचा फोटो पण मिळाला, न उठवता. दादा म्हणाले वारा बघा. ही पाखरं वाऱ्याच्या तोंडावर पाण्यावरून धावत जाऊन उडतात, मग त्या बाजूला तोंड करून बसायचं, तासाभरात पाच-सहा तरी जागा बदलतातच. तसंच झालं. माझी लेन्स १५०-६०० मिमीची, शटर १/२००० च्या खाली नेलं नाही, ट्रायपॉड बोटीत काही कामाचा नाही, जुनी उशी मांडीवर घेऊन त्यावर लेन्स टेकवली. आणि बोटीच्या कडेवर कोपर टेकवून जमेल तेवढं खाली वाका, वरून काढलेल्या फोटोत पक्षी खेळण्यातले वाटतात. साडेनऊनंतर पाण्यावर हवा थरथरायला लागते, मग लांबचं काहीच शार्प येत नाही, परत फिरा.

बाकी पक्ष्यांत पट्टकदंब दिसले शेतात उतरलेले (हिमालय ओलांडून येतात आणि इथे हरभऱ्याच्या रानात चरतात, कमाल आहे), चित्रबलाक, शेकाटे, चक्रवाक, आणि वारकरी तर शेकड्याने. ते काळे, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून वारकरी, हे ऐकल्यावर आई जाम खूश झाली. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या खोडावर ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) बसलेला, मासा पायात, तोंड पुढे करून धरलेलं. कुरवांना शेव टाकून फोटो काढणारे पण होते, दादांनी तिकडे बघितलं नि तोंड फिरवलं.

येताना दादांनी बांबूने पाण्यात दाखवलं, आमची जुनी जमीन तिथं खाली. १९८० ला धरण झालं तेव्हा ते लहान होते. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या खाली, गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा या म्हणाले. यावर आम्ही कुणीच काही बोललो नाही.

मग पाचापैकी किती? राहण्याला तीन, जेवणाला पाच, बोटीला पहिल्या दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी सात. बुकिंग करताना मोटर कुठे बंद करता एवढंच विचारा, "जिथं म्हणाल तिथं" असं उत्तर आलं तर दुसरं घर शोधा. पैसे कॅश ठेवा, पाण्यावर रेंज गुल होते. सकाळी बोटीत थंडी वाजते, स्वेटर न्या. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात परत जातोय, दादांना आत्ताच सांगून ठेवलंय, आणि मच्छरदाण्या दोन, घरच्या.