आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) घाईत बॅटरी बंद पडली होती, घरच्या सोलरचे नऊ महिने

दिवाळी झाल्यावर बसवलं, आता श्रावण चालू आहे, म्हणजे हिवाळा उन्हाळा पावसाळा तिन्ही बघून झाले, म्हणून आता लिहिते. मी घरी शिलाई करते, अमळनेर तालुक्यात गाव आहे आमचं. मशीनला मोटर आहे, पायाने चालवायची सवय कधीच सुटली, आणि लाईट गेली की हातातलं ब्लाऊज तसंच पडून राहतं. सोलर घ्यायचं खरं कारण तेच, पंखे आणि दिवे नंतर आले.

बरेच जण विचारतात सबसिडीत का नाही घेतलं. पीएम सूर्यघर ह्या सरकारी योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार मिळतात हे बरोबर आहे, पण ते ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं असतं, बिल कमी होतं, आणि लाईट गेली की ते पण बंद होतं. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. आमचं बिल फार नव्हतंच, त्रास लाईट जाण्याचा होता, त्याला बॅटरीच लागते. आधी आपला त्रास कोणता ते ठरवा आणि मग दुकानात जा, नाहीतर दुकानदार ठरवतो.

घेतलं काय तर ५४० वॅटचं एकच मोठं पॅनल, ४० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्जर, पॅनलचा जास्तीचा व्होल्टेज वाया न घालवता करंट वाढवून देतो), १२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-तास) लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि १ केव्हीएचा प्युअर साईनवेव्ह इन्व्हर्टर. स्टँड, वायर, मजुरी धरून ५२ हजार गेले. एका दुकानात मला पीडब्ल्यूएम नावाचा स्वस्तातला, साधा कंट्रोलर देत होते, "ताई काही फरक नाही पडत" म्हणे. खूप फरक पडतो! ह्या पॅनलचा व्होल्टेज ४० च्या आसपास असतो, पीडब्ल्यूएम त्याला ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणतो, करंट तेरा अँपिअरच राहतो, म्हणजे १३ गुणिले १३, जेमतेम १७० वॅट. बाकीचे वॅट गेले वाया. माझ्या दिराने वहीवर गुणाकार करून दाखवला म्हणून वाचले.

आता उन्हाचं. आपल्याकडे सगळे म्हणतात खान्देशात ऊन काय कमी आहे का, सोलर नुसतं पळेल. मी पण तेच धरून चालले होते. पण पॅनल उजेडावर चालतं, तापण्यावर नाही, उलट तापलं की कमी देतं. २५ डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण पाव ते अर्धा टक्का कमी होतं, आणि मे महिन्यात हवा ४४ असली तर पॅनलची काच ६५-७० ला जाते. फेब्रुवारीत दुपारी साडेबाराला मला ४३० वॅट दिसायचे, मे मध्ये त्याच वेळेला ३६० च्या पुढे जाईना, त्यात धुळीचा पण हिस्सा होता.

आणि बॅटरीचं तर विचारूच नका. बसवणाऱ्या वायरमनने वायर कमी लागते म्हणून बॅटरी, इन्व्हर्टर सगळं गच्चीवर जिन्याच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. हिवाळ्यात काहीच वाटलं नाही. आखाजीला आठ दिवस राहिले, माहेरी येणाऱ्या पोरींचे ब्लाऊज, ड्रेस, सगळं अंगावर आलेलं, दुपारी दीड-दोनची वेळ, लाईट नाही, आणि मशीन बंद. वर गेले तर दार उघडल्या उघडल्या भट्टीसारखी झळ आली तोंडावर. बॅटरीच्या डब्यावर हात ठेवला तर ठेववेना. डिजिटल थर्मामीटर होता तो नेऊन ठेवला, खोलीतच ५३ दाखवत होता. लिथियमच्या आत बीएमएस म्हणून सर्किट असतं, ते ठराविक तापमानाच्या वर बॅटरी बंद करतं, बिघाड नव्हता, ती स्वतःला वाचवत होती बिचारी. पण चार दिवस मी रात्री बारा ते चार शिवलं, डोळे लाल झाले, आणि एका पोरीचा ड्रेस तरी राहिलाच, ते अजून मनाला लागतं.

मग सगळं खाली माजघरात आणलं, धान्याच्या कोठीशेजारी, तिथे भिंत जाड आहे आणि ऊन येत नाही. तेव्हा कळलं की लांब करायची तर पॅनलची वायर करायची, तिच्यात करंट कमी असतो, मी ४ स्क्वेअर एमएमची टाकली. बॅटरी ते इन्व्हर्टर मात्र हातभरच पाहिजे आणि जाड पाहिजे, कारण १२ व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर. सोडवताना आधी पॅनल सोडायचं मग बॅटरी, जोडताना आधी बॅटरी मग पॅनल, हे कंट्रोलरच्या कागदावरच लिहिलेलं असतं. आणि पॅनलच्या लाईनला डीसीचाच एमसीबी (आपोआप ट्रिप होणारं बटण) लावायचा, पॅनल-बॅटरीचा करंट डीसी असतो, घरच्या लाईटचा एसी. आमच्याकडे घरातला साधा एसीवाला लावून गेला होता, डीसीची ठिणगी त्यात नीट तुटत नाही, आग लागू शकते. तो मी पहिला बदलून घेतला.

चालतं काय? शिलाई मशीन १०० वॅट, आरामात. इस्त्री नाही, मी हट्टाने लावून बघितली, इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन बोंबलायला लागला, इस्त्री लाईट असतानाच करायची. शेतातली मोटर तर सोडाच, तिचा विषय वेगळा आहे. रात्रीचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. आधीचे तीन पंखे ७५ वॅटचे, आठ तास म्हणजे १८०० वॅटअवर, आणि बॅटरीच मुळात १२८० ची (१२ ची म्हणतात तरी असते १२.८ व्होल्टची, गुणिले १००), कुठून पुरणार. ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे घेतले तर ७२० मध्ये काम झालं. पंख्यांना पैसे गेले पण दुसरी बॅटरी वाचली. इन्व्हर्टर स्वतः पण १५-२० वॅट खातो रात्रभर, तो कोणी मोजत नाही. कूलर मी दुपारीच लावते, बारा ते चार, तेव्हा बॅटरी भरत आलेली असते आणि पॅनल नाहीतर रिकामंच बसतं.

हो, हे राहिलं, बॅटरी भरली की स्क्रीनवर वॅट एकदम उतरतात, ६०-७० दिसतात. शेजारच्या काकूंच्या मुलाने पॅनल खराब झालं म्हणून तक्रार टाकली होती. काही नाही, वीज घ्यायला कोणी नव्हतं, कूलर लावला आणि वॅट चढले.

सावलीचं एक. सासूबाई गच्चीवर बिबडे घालतात, कुरडया घालतात, वर दोरीवर लुगडं. त्या लुगड्याची नुसती एक कड पॅनलच्या कोपऱ्यावर पडली आणि ३८० चे २५० झाले माझ्या डोळ्यासमोर. आता दोरी उत्तरेला बांधली. पाण्याच्या टाकीची सावली मे मध्ये कुठेच नव्हती, सूर्य बरोबर डोक्यावर असतो तेव्हा, पण डिसेंबरात तीन वाजताच पॅनलवर यायची. जागा हिवाळ्यात बघून ठरवा. धुवायचं ते सकाळी उजाडताना, तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही, आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात म्हणून लगेच पुसून घ्यायचं.

पावसात तीन-चार दिवस सलग आभाळ राहिलं की नेहमीच्या पाव हिस्सा वीज सुद्धा बनत नाही, तेव्हा लाईट असताना इन्व्हर्टरवरूनच चार्ज करून ठेवते.

परवा कानबाईचं, आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीचं, जागरण होतं आमच्याकडे. रात्री पाऊस सुरू झाला आणि साडेअकराला गल्लीतली लाईट गेली. आमचे चार दिवे, तीन पंखे चालूच. समोरच्या आजी ओट्यावरून ओरडल्या, "तुमना घर लाईट कशी शे व माय?" आणि सगळ्या बाया आमच्याकडेच येऊन बसल्या, गाणी म्हणत. सकाळी विसर्जनाला निघताना बॅटरी बघितली तर ३१ टक्के बाकी होती.