डेबियन १३ ‘ट्रिक्सी’ : उशिरा येणारी, पण भरवशाची

इंदूरच्या रामबागेत मराठी-हिंदी दस्तऐवजांच्या टंकलेखनाचे व भाषांतराचे आमचे छोटे कार्यालय असून, जेल रोडवरून घेतलेल्या जुन्या संगणकांवर तेथे सध्या डेबियन १३ ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते. ‘ट्रिक्सी’ नावाची ही आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. ती फुकट मिळते ही सोय आहेच. परंतु आम्ही तिच्यावर विसंबतो ते ती ज्या रीतीने बाहेर काढली जाते त्यामुळे.

डेबियनचे काम १९९३ पासून स्वयंसेवक करीत आले आहेत. जो पगार घेत नाही त्याला मुदतीचा धाक घालता येत नाही आणि मुदतच नसली तर काम रेंगाळते. या प्रकल्पाने दोन्हींचा अनुभव घेतला आहे. जुलै २००२ मधील ‘वुडी’ या आवृत्तीनंतर ‘सार्ज’ ही पुढची आवृत्ती यायला जून २००५ उजाडला, कारण नवा इन्स्टॉलर, म्हणजे सिस्टीम संगणकावर बसवणारा प्रोग्राम, तयार होईपर्यंत बरेच काही खोळंबले, आणि तोवर स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांच्या हाती शिळीच सॉफ्टवेअर राहिली. त्यानंतरची ‘एच’ डिसेंबर २००६ मध्ये निघावी, यासाठी ‘डंक-टँक’ नावाचा उपक्रम सुरू झाला आणि रिलीजची जबाबदारी असलेल्या दोघांना त्या कामापुरते पैसे देण्याचे ठरले. मोजक्यांना मोबदला आणि बाकीच्यांना नाही, हे न रुचल्याने काही स्वयंसेवकांनी आपल्या कामाचा वेग मुद्दाम कमी केला, आणि ‘एच’ अखेर एप्रिल २००७ मध्ये आली. गणेशोत्सव मंडळातल्या दोघांनाच पगार सुरू केला तर उरलेले कार्यकर्ते काय करतील, हे आम्हा इंदूरकरांना वेगळे सांगायला नको.

आजची पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. ‘फ्रीझ’च्या, म्हणजे बदल थांबवण्याच्या, तारखा आधी जाहीर होतात, प्रकाशनाची तारीख मात्र काम आटोक्यात आल्यावरच सांगितली जाते. ट्रिक्सीच्या वेळी १५ मार्च २०२५ पासून मोठ्या फेरफारांना अटकाव झाला, एप्रिल आणि मेच्या मध्यावर निर्बंध आणखी कडक झाले, आणि २७ जुलैनंतर प्रत्येक बदलासाठी रिलीज चमूची परवानगी लागू लागली. या काळात एखाद्या पॅकेजमधील, म्हणजे सिस्टीमसोबत मिळणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमधील, गंभीर बग (दोष) कोणी दुरुस्त केला नाही, तर ते पॅकेज फारच महत्त्वाचे नसल्यास सरळ वगळले जाते. मुदतीचा दाब अशा रीतीने आत काय घ्यायचे यावर पडतो, अर्धवट काम बाहेर ढकलण्यावर नाही. डेबियनवरच बेतलेल्या उबुंटू या सिस्टीमचा खाक्या निराळा आहे : तिची आवृत्ती दर एप्रिल-ऑक्टोबरला निघते, तिच्यामागे पगारी माणसे असलेली कंपनी आहे, आणि तरीही २००६ मध्ये तिला एप्रिलची आवृत्ती जूनपर्यंत लांबवावी लागली होती.

रोजच्या कामात या शिस्तीचा लाभ मिळतो. इनस्क्रिप्ट या कळफलक-मांडणीने मराठी लिहिताना ‘दुसऱ्या’, ‘खोऱ्यात’ यांसारखे शब्द नीट उमटतात, आणि सुरक्षा-दुरुस्त्या घेतल्यावर दस्तऐवजाची मांडणी बिघडत नाही. तीन वर्षे पूर्ण आधार (म्हणजे दुरुस्त्यांचा पुरवठा) व त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन आधार मिळत असल्याने सतत नवी आवृत्ती घालण्याची कटकटही नाही. मात्र लेखनासाठीच्या लिब्रेऑफिस या सॉफ्टवेअरची २५.२ हीच आवृत्ती डेबियन १३ च्या मुख्य भांडारात शेवटपर्यंत राहणार, हे आधीच मान्य करावे लागते. ज्याला प्रत्येक नवी सोय लगेच हवी असते, त्याने या वाटेला जाऊ नये.

३२-बिट प्रोसेसरच्या जुन्या पीसींवर डेबियन १३ नव्याने घालता येत नाही, कारण त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) या आवृत्तीत बंद केले आहेत. तशी यंत्रे असणाऱ्यांनी डेबियन १२ वरच थांबावे. तिला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. शिवाय तात्पुरत्या फायलींची जागा आता मुळातच रॅममध्ये ठेवलेली असते आणि ती निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकते. ज्यांचे संगणक चार जीबीचे आहेत आणि काम मोठमोठ्या स्कॅनचे आहे, त्यांनी रिलीज नोट्समध्ये दिलेल्या आज्ञेने ही व्यवस्था आधी बंद करून घ्यावी.