मूल्यांककाची सेवा: दराआधी चतुःसीमा विचारणारा माणूस

काजू प्रक्रियेच्या युनिटसाठी कर्ज काढायचं होतं, तारण म्हणून कुडाळ तालुक्यातली आमची बाग. सासऱ्यांनी १९८७ साली घेतलेली, सातबाऱ्यावर ०.४२.५० हेक्टर, म्हणजे साडेबेचाळीस आर. पहिल्या मूल्यांककाने व्हॉट्सअ‍ॅपवर सातबारा मागवला, क्षेत्राला रेडी रेकनरचा सरकारी दर लावला आणि दोन पानांत आकडा पाठवून दिला. बागेत पाऊलसुद्धा टाकलं नाही. तो अहवाल बँकेने परत केला. मग बँकेच्याच यादीतल्या दुसऱ्या एका मूल्यांककांना बोलावलं. त्यांच्या कामाबद्दल लिहिते, कारण कोकणात जमीन तारण ठेवणाऱ्या प्रत्येकाला असा माणूस मिळायला हवा.

आल्या आल्या मी विचारलं, "साहेब, गुंठ्याला काय धराल?" ते म्हणाले, "वहिनी, दराचं नंतर बघू. आधी खरेदीखतातली चतुःसीमा वाचा."

वाचली. पूर्वेस गडगा (दगडी कुंपण) व त्यापलीकडे अमुक यांची मिळकत, दक्षिणेस व्हाळ (ओढा), पश्चिमेस पाणंद, उत्तरेस याच सर्व्हेतील हिस्सा नं. ४. क्षेत्र 'सुमारे ४४ गुंठे'. पूर्वेकडचे गृहस्थ वारून कैक वर्षं झाली, जमीन दोनदा विकली गेली. साहेबांनी लगतच्या सगळ्या हिस्स्यांचे सातबारे काढून आणले होते, त्यामुळे आज पलीकडे कोण आहे ते त्यांना आमच्याआधी ठाऊक होतं. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, पण शेजाऱ्याचा उतारा काढायची तसदी किती जण घेतात?

क्षेत्राचा गोंधळ त्यांनी जागेवरच सोडवला. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. जुन्या मोजणीची साखळीच ३३ फुटांची होती. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित लहान. म्हणजे साडेबेचाळीस आरांचे गुंठे होतात ४२. दस्तातले वरचे दोन गुंठे 'सुमारे' या शब्दावर उभे होते, अहवालात ते धरता येणार नाहीत. त्यातून पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नसलेला भाग, वेगळा काढला. चतुःसीमा स्पष्ट असेल आणि क्षेत्राचा आकडा तिच्याशी जुळत नसेल, तर न्यायालयं साधारणपणे सीमेला जास्त वजन देतात, हेही त्यांनी समजावलं. बिहारमधल्या एका प्रकरणात लिलावाच्या कागदावर प्लॉट नंबर १०६० ऐवजी १६० पडला होता. सीमा आणि खाते नंबर जुळत होते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती नुसती वर्णनातली चूक मानली आणि विक्री १०६० चीच धरली. नोंदणी अधिनियम, १९०८ चं कलम २१ हेच मागतं: वर्णन असं हवं की मिळकत ओळखता आली पाहिजे, क्षेत्राबरोबर लगतचे रस्ते आणि मिळकतीही त्यात आल्या पाहिजेत.

मग बाग फिरलो. गडग्याचे जांभे निम्म्या लांबीत ढासळलेले. ईशान्येच्या कोपऱ्यात त्यांनी कोयत्याने करवंदीची जाळी मोकळी केली आणि खाली हद्दीचा दगड निघाला, शेवाळलेला, एका अंगाला कललेला. मी त्या जाळीची करवंदं वर्षानुवर्षं खाल्ली आहेत, दगड पहिल्यांदाच बघितला. दक्षिणेला मात्र अडलो. शेजारचे आजोबा सांगत होते, "पयलो व्हाळ त्या आंब्याच्या मुळाकडसून व्हावत होतो." पुरांनी तो सरकत सरकत आमच्या अंगावर आलाय. 'दक्षिणेस व्हाळ' म्हणजे कुठला व्हाळ, १९८७ चा की आजचा? साहेबांनी अंदाजाने निकाल दिला नाही. तेवढी पट्टी अहवालात वेगळी दाखवली आणि तिला मूल्य लावलं नाही. मला ते पटलं.

खरा धक्का पश्चिमेला होता. दस्तात 'पश्चिमेस पाणंद', आम्ही रोज तिथूनच ये-जा करतो. पण नकाशात आमच्या हिस्स्याच्या आणि पाणंदीच्या मध्ये हिस्सा नं. ५ ची चिंचोळी पट्टी निघाली, मुंबईला असलेल्या चुलत सासऱ्यांच्या नावावर. म्हणजे कागदावर बागेला रस्ताच नाही. रस्त्याला लागून असलेली जमीन आणि दुसऱ्याच्या जमिनीतून जावं लागणारी जमीन, यांच्या किमतीत केवढी तफावत पडते हे इथे कुणालाही विचारा. महाभूनकाशा या सरकारी ऑनलाइन नकाशावर ती पट्टी आधीच दिसत होती, पण त्या नकाशावर बोट ठेवून हद्द कायम होत नाही. त्यांनी हद्द कायम मोजणी करायलाच लावली. २ हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये फी आहे. आम्ही द्रुतगती भरली. मोजणीनंतर मिळालेल्या नकाशावर, म्हणजे 'क' प्रतीवर, अभिलेखाची हद्द आणि वहिवाटीची हद्द अशा दोन रेषा आल्या, आणि पाणंदीच्या बाजूला त्या दोन रेषांमध्ये तीच पट्टी होती.

पहिल्या अहवालातला आकडा यांच्यापेक्षा बराच मोठा होता. दीर नाराज झाले. मला मात्र हाच आकडा हवा होता, कारण उद्या बँकेच्या वकिलाने नकाशा उघडला असता तर मोठा आकडा तिथेच कोसळला असता.

त्रुटी आहेत. अहवाल सगळा इंग्रजीत. बागेचे फोटो जोडले होते, पण कुठल्या कोपऱ्यातून कुठल्या दिशेला काढलेत ते लिहिलेलं नव्हतं. सांगितल्यावर दुरुस्त करून दिलं. फोन बहुतेक वेळा संध्याकाळनंतरच उचलतात. फी पहिल्यापेक्षा दुप्पट, आणि सांगितलेल्या मुदतीपेक्षा अहवाल उशिरा आला. बँकेची तारीख जवळ असेल तर त्यांना खूप आधी गाठा. बोलावण्यापूर्वी खरेदीखत, फेरफार, सातबारा आणि जुनी मोजणी झाली असेल तर तिची प्रत काढून ठेवा, आणि लगतच्या जमिनी कसणारा एखादा वयस्कर माणूस त्या दिवशी बागेत हजर ठेवा.

चुलत सासऱ्यांनी पट्टीतून १० फुटांचा वाटहक्क लिहून दिला. त्या दस्ताच्या मसुद्यातली चतुःसीमा साहेबांनी 'क' प्रतीशी ताडून बघितली, 'पश्चिमेस पाणंद' खोडून 'पश्चिमेस हिस्सा नं. ५, त्यातून पाणंदीपर्यंत १० फुटी वाट' असं करायला लावलं, आणि दस्त नोंदवून झाल्यावर वाढीव मूल्याचा पुरवणी अहवाल जादा फी न घेता दिला. कर्ज त्यावर मंजूर झालं.